लाल सफरचंदाचं वजन: जेट लढाऊ ड्रोन काय करू शकतं आणि काय नाही

मे २०२५ मध्ये पुण्याच्या मार्केट यार्डातल्या फळव्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदं उचलायची नाहीत असं ठरवलं. ऑपरेशन सिंदूरच्या वेळी तुर्कस्तान पाकिस्तानच्या बाजूने उभा राहिला होता, त्याचा तो राग होता. पण तुर्कस्तानात आणखी एक सफरचंद पिकतंय आणि त्याची चर्चा मार्केट यार्डापेक्षा मोबाइलवरच जास्त होते. त्याचं नाव 'किझिलएल्मा'. तुर्की भाषेत अर्थ सरळ आहे: लाल सफरचंद. जुन्या तुर्की दंतकथांमध्ये हे सफरचंद म्हणजे जिंकायचं राहिलेलं दूरचं शहर. जवळ गेलं की ते आणखी पुढे सरकतं.

बायकार या कंपनीने बनवलेलं हे जेट इंजिनाचं लढाऊ ड्रोन १४ डिसेंबर २०२२ रोजी पहिल्यांदा उडालं. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस काळ्या समुद्राच्या काठी, सिनोपजवळ, त्याने पंखाखालून 'ग्योकदोआन' क्षेपणास्त्र सोडून जेट इंजिनावर उडणारं एक लक्ष्य पाडलं. नजरेच्या टप्प्यापलीकडच्या हवाई लढाईसाठी बनवलेलं हे क्षेपणास्त्र आहे. झालं, दुसऱ्या दिवसापासून 'वैमानिकांचा जमाना संपला', 'राफेलला घाम फोडणारं यंत्र' असे व्हिडिओ सुरू. दुसऱ्या बाजूने 'खेळणं आहे, एका सुखोईपुढे टिकणार नाही' हेही सुरू.

दोन्ही बाजू एकच चूक करतात असं मला वाटतं. दोघेही माहितीपत्रकातले आकडे शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखे वाचतात: वेगात इतके गुण, पल्ल्यात इतके, शस्त्रांत इतके, सगळ्यांची बेरीज करा आणि नंबर काढा. विमानाचे आकडे तसे वाचायचे नसतात.

आधी एक गोंधळ दूर करू. त्या मे महिन्यात आपल्या सीमेवर आलेली ड्रोन तुर्की बनावटीची असल्याचं भारतीय बाजूने प्राथमिक तपासानंतर सांगितलं होतं, पण ती 'सोंगार' जातीची होती. लग्नात शूटिंग करणाऱ्या ड्रोनची थोरली भावंडं म्हणा. बायकारचंच 'टीबी-२' ही त्याहून वेगळी चीज: १०० अश्वशक्तीचं पिस्टन इंजिन, मागे पंखा, जेमतेम १५० किलो वजन उचलणार, पण हवेत सत्तावीस तास घिरट्या घालणार. इराणी शाहेद परत येतच नाही. जाऊन आदळणं हेच त्याचं काम. किझिलएल्मा या तिघांतही बसत नाही. ते धावपट्टीवरून उडतं, शस्त्र सोडतं आणि घरी येऊन उतरतं. आकाराने ते चक्क लहान लढाऊ विमान आहे: लांबी १४.७ मीटर, पंखांचा पसारा १० मीटर.

मग टीबी-२ इतकं गाजलेलं असताना जेटची उठाठेव कशासाठी? २०२० मध्ये आर्मेनिया-अझरबैजान युद्धात, नागोर्नो-काराबाखमध्ये, टीबी-२ ने आर्मेनियाचे रणगाडे आणि क्षेपणास्त्रांच्या गाड्या टिपल्या, २०२२ च्या सुरुवातीला युक्रेनमध्येही ते चमकलं. पुढे रशियाची हवाई संरक्षण यंत्रणा आणि जॅमर (रेडिओसंपर्क बिघडवणारी यंत्रं) जागेवर बसले आणि आघाडीवरून टीबी-२ जवळपास दिसेनासं झालं. ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास रमतगमत जाणारं यान रडारवर बराच वेळ दिसतं, आणि जे बराच वेळ दिसतं ते पडतं. वेग हवा असेल तर जेट लागतं. त्याची किंमत मोजावी लागते ती वेळेत. बायकारच्या सुरुवातीच्या पत्रकात किझिलएल्माचा हवेतला वेळ होता ५ तास. सत्तावीसवरून पाचावर. म्हणजे 'दिवसभर डोक्यावर घारीसारखं फिरत राहायचं' हे ड्रोनचं मूळ बलस्थानच या यानाने सोडून दिलंय.

'आणि' खोडा, 'किंवा' लिहा

त्या पत्रकातले बाकीचे आकडे असे. उड्डाणाच्या वेळचं कमाल वजन आधी ६ टन, पुढे वाढून साडेआठ टन. शस्त्रांसाठी दीड टन. नेहमीचा वेग ध्वनीच्या ०.६ पट, कमाल ०.९ पट. कामगिरीची त्रिज्या ५०० सागरी मैल, म्हणजे सुमारे ९२५ किलोमीटर. मुंबईहून कराची सरळ रेषेत साधारण तेवढीच, म्हणून हा आकडा आपल्याकडे लगेच डोळ्यांत भरतो.

आता पत्रक असं वाचलं जातं: दीड टन शस्त्रं घेऊन, ध्वनीच्या ०.९ पट वेगाने, रडारला न दिसता, ९२५ किलोमीटरवर जाऊन परत येणार. यातला प्रत्येक आकडा सुटा खरा असू शकतो. एकाच उड्डाणात सगळे खरे नसतात.

इंधन आणि शस्त्रं एकाच वजनाच्या हिशेबात बसतात. कमाल वजन गाठलं असेल तर एक वाढवायला दुसरं काढावं लागतं. दूर जायचं असेल तर ०.६ च्या चालीने जावं लागतं. ०.९ वर हवेचा अडथळा झपाट्याने वाढतो आणि इंधन पाण्यासारखं जातं. रडारपासून लपायचं असेल तर शस्त्रं पोटातल्या कप्प्यात ठेवावी लागतात, आणि पोटात मावतात ती मोजकीच. पंखाखाली टांगली तर जास्त नेता येतात, पण मग ती रडारला दिसतात आणि हवेलाही अडतात. सिनोपच्या चाचणीत क्षेपणास्त्र पंखाखालीच होतं. ही चूक नव्हे, चाचणी अशीच टप्प्याटप्प्याने करतात. पण त्या चाचणीवरून लपून मारण्याची क्षमता सिद्ध होत नाही, एवढं लक्षात ठेवायचं. नव्या मोटारीचं मायलेज वाचून पाच माणसं, टपावर सामान आणि एसी लावून खंबाटकी घाट चढणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

वैमानिक नाही, म्हणून वीस 'जी'?

ड्रोनबद्दलची सगळ्यात लाडकी समजूत ही: माणूस ९ 'जी' च्या वर टिकत नाही. 'जी' म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या किती पट जोर अंगावर येतो ते. ९ 'जी' ला सत्तर किलोचा माणूस सहाशेतीस किलोचा होतो आणि मेंदूतलं रक्त पायांकडे पळतं. ड्रोनमध्ये माणूसच नाही, तेव्हा ते वीस 'जी' ने गर्रकन वळून कुणाच्याही मागे जाऊन बसेल. ऐकायला पटतं.

पण वळताना वैमानिकच तेवढा अडवत नाही. हवेत वळायचं म्हणजे पंखांनी जास्त उचल निर्माण करायची, आणि उचलीबरोबर येणारा हवेचा अडथळा उचलीच्या वर्गाने वाढतो. त्याच वेगाला ३ 'जी' चं वळण घेतलं तर हा अडथळा सरळ उड्डाणाच्या नऊ पट. ९ 'जी' ला एक्याऐंशी पट. हा अडथळा भरून काढायला इंजिनाचा रेटा हवा, नाहीतर वळता वळता विमानाचा वेग मरतो आणि ते हवेत लोंबकळत राहतं. हवाई लढाईत वेग गमावलेलं विमान म्हणजे आयतं लक्ष्य.

इथे किझिलएल्माचं इंजिन बघायचं. सुरुवातीच्या नमुन्यात 'एआय-२५टीएलटी' हे युक्रेनी टर्बोफॅन (जेट इंजिनाचा एक प्रकार) होतं. एआय-२५ चं मूळ १९६० च्या दशकातलं, याक-४० या छोट्या प्रवासी विमानासाठीचं. पुढे याच घराण्यातलं इंजिन झेकोस्लोव्हाकियाच्या एल-३९ या प्रशिक्षण विमानात बसलं. रेटा साधारण १.७ टन, आफ्टरबर्नर (जास्तीचं इंधन जाळून रेटा वाढवणारी सोय) नाही. साडेआठ टनांच्या यानाला १.७ टनांचा रेटा म्हणजे वजनाच्या एकपंचमांश. आपलं तेजस पूर्ण भरलं तर साडेतेरा टन, आणि आफ्टरबर्नरसह रेटा सुमारे साडेआठ टन, म्हणजे वजनाच्या साठ टक्क्यांच्या वर. एफ-१६ ही त्याच पट्टीत. किझिलएल्माच्या पुढच्या नमुन्यांसाठी आफ्टरबर्नर असलेलं 'एआय-३२२एफ' घेतलंय, त्याचा रेटा ४ टनांच्या वर जातो. मग हिशेब निम्म्याच्या आसपास येतो. बरा आहे, पण आफ्टरबर्नर म्हणजे मागच्या नळकांड्यात थेट इंधन ओतून पेटवणं. पाच तासांचं गणित तिथेच विसरायचं.

वीस 'जी' साठी दुसरी अट सांगाड्याची. तेवढा जोर सोसणारे पंख जाड आणि जड करावे लागतात, आणि ते वजन इंधनाच्या किंवा शस्त्रांच्या वाट्यातून जातं. म्हणून वैमानिक काढल्याचा खरा फायदा कसरतीत नाही. तो फायदा आसन, काचेचं छत्र, प्राणवायू, इजेक्शनची व्यवस्था हे सगळं वाचण्यात आहे. आणि त्याहून मोठा म्हणजे, यान परत आलं नाही तर कुणाच्या घरी फोन करावा लागत नाही.

दहा हजारपट लहान व्हा, मग दहापट जवळ जा

'स्टेल्थ' हा शब्द हल्ली वॉशिंग मशीनलाही लावतील इतका स्वस्त झालाय. रडारला एखादी वस्तू किती मोठी 'वाटते' हे मोजायचं एक माप असतं, ते चौरस मीटरमध्ये सांगतात. वस्तूच्या खऱ्या आकाराशी त्याचा थेट संबंध नाही; आकार कसा घडवला आहे, कडा कुठल्या दिशेला आहेत, लेप कसला आहे यावर ते ठरतं.

पण मेख अशी की रडारचा टप्पा या मापाच्या चौथ्या मुळाने बदलतो. समजा, एक रडार १ चौरस मीटर वाटणारं विमान २०० किलोमीटरवरून पकडतं. ते माप दहापट कमी केलं, तर ते २० किलोमीटरवर येत नाही, सुमारे ११२ वर येतं. शंभरपट कमी केलं तर ६३. वीस किलोमीटरवर आणायचं असेल तर माप दहा हजारपट कमी करावं लागतं. म्हणजे 'काही प्रमाणात स्टेल्थ' असण्याचा उपयोग असतो, पण तो वाटतो त्यापेक्षा बराच कमी.

किझिलएल्माला नाकाजवळ छोटे पंख आहेत आणि मागे दोन उभी शेपटं. शेपूट नसलेल्या, वटवाघळासारख्या सपाट यानांपेक्षा हा आकार रडारला जास्त दिसणारच. मग ठेवला का? कारण तुर्कस्तानला ते जहाजावरून उडवायचंय. 'टीसीजी अनादोलू' हे जहाज एफ-३५बी विमानं डोळ्यांसमोर ठेवून बांधायला घेतलं होतं. रशियाची एस-४०० यंत्रणा घेतल्यामुळे अमेरिकेने २०१९ मध्ये तुर्कस्तानला एफ-३५ च्या कार्यक्रमातून बाहेर काढलं आणि विमानं नसलेलं जहाज हाती राहिलं. सुमारे २३० मीटर लांबीच्या त्या जहाजावर यान झेपावून देणारं यंत्र नाही, पुढे फक्त चढण आहे. तिथे उडायचं-उतरायचं तर कमी वेगाला यान आवरलं पाहिजे, आणि त्यासाठी ते जास्तीचे पंख कामाला येतात. लपण्यातलं थोडं दिलं आणि उतरण्यातलं घेतलं. मला हा सौदा शहाणपणाचा वाटतो. फक्त 'अदृश्य' म्हणू नये. टीबी-३ हे त्याचं पंख्यावर चालणारं भावंड नोव्हेंबर २०२४ मध्ये या जहाजावर उतरून दाखवून मोकळं झालंय. ते मात्र वजनाने आणि वेगाने बरंच हलकं काम आहे.

दोरी किती लांब?

लहानपणी पतंग उडवताना मांजा संपला की काय होतं ते आठवा. ड्रोनचा मांजा म्हणजे रेडिओलहरी, आणि त्या साधारण सरळ रेषेत जातात. पृथ्वी गोल आहे, त्यामुळे ३५ हजार फुटांवरचं यान जमिनीवरच्या अँटेनाला सुमारे सव्वाचारशे किलोमीटरपर्यंतच दिसतं. मुंबईत अँटेना असेल तर पणजीच्या थोडं पुढे. रडार चुकवायला यान १०० मीटरवर उतरलं की हाच टप्पा ४० किलोमीटरवर येतो. पनवेल ओलांडून थोडं पुढे गेलं की मांजा तुटला. शत्रूपासून लपवणारी उंची यानाला आपल्या माणसांपासूनही तोडते.

उपाय म्हणून उपग्रह आहे. भूस्थिर उपग्रह ३६ हजार किलोमीटरवर असतो. चित्र वर जाऊन खाली येणार, मग आपला हुकूम वर जाऊन खाली येणार. प्रकाशाच्या वेगानेही यात जवळपास अर्धा सेकंद जातो, यंत्रांचा वेळ वेगळा. टीबी-२ ला त्याचं काही नाही. पण ०.९ पट वेगाचं यान अर्ध्या सेकंदात सव्वाशे मीटरच्या वर पुढे गेलेलं असतं, आणि समोरून दुसरं विमान येत असेल तर दोघांमधलं अंतर अडीचशे मीटरने कमी झालेलं असतं. जवळच्या लढाईत दूर बसून कांडी हलवणं इथे संपतं. वर जॅमर आहेतच.

तेव्हा यानाला स्वतःचं डोकं लागतं. या बाबतीत प्रगती खरी आहे. अमेरिकेने एफ-१६ वर आधारित 'एक्स-६२ए' या प्रयोगविमानात कृत्रिम बुद्धिमत्तेला सुकाणू दिलं आणि सप्टेंबर २०२३ मध्ये माणसाने चालवलेल्या खऱ्या एफ-१६ शी सराव-लढाई लावली. मे २०२४ मध्ये तर अमेरिकी वायुदलाचे तेव्हाचे सचिव फ्रँक केंडल स्वतः त्यात बसले. पण त्या विमानात वैमानिकही असतो, गरज पडली तर सूत्रं हातात घ्यायला. वळायचं कसं हे यंत्राला शिकवता येतं. समोरचं विमान शत्रूचंच आहे का, आणि मारायचं का, हे ठरवणं वेगळं काम आहे.

मांजा तुटल्यावर काय होतं याचं ताजं उदाहरण रशियाचं आहे. 'एस-७० ओखोत्निक' हे वटवाघळी आकाराचं, वीस मीटर पंखांचं भलंमोठं जेट ड्रोन २०१९ मध्ये पहिल्यांदा उडालं. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पूर्व युक्रेनमध्ये, कोस्त्यंतिनिवकाजवळ, त्याच्या मागून उडणाऱ्या रशियाच्याच लढाऊ विमानाने ते पाडलं. नियंत्रण सुटलं आणि ते युक्रेनच्या हाती अखंड पडू नये म्हणून स्वतःच मारलं, असा अर्थ बहुतेकांनी लावला. अवशेष पडले ते युक्रेनच्या ताब्यातल्या भागातच. त्यांत पाश्चात्य बनावटीचे इलेक्ट्रॉनिक भागही सापडले. त्याआधी २०११ च्या डिसेंबरात अमेरिकेचं 'आरक्यू-१७०' ड्रोन असंच इराणच्या हाती लागलं होतं, तेही जवळजवळ धडधाकट. टीबी-२ पडलं तर नुकसान होतं. अशी यानं पडली तर वर्षानुवर्षांचं संशोधन दुसऱ्याच्या टेबलावर जातं.

मग ते कशासाठी?

सिनोपच्या चाचणीतलं लक्ष्य पळालं नाही, जॅमिंग केलं नाही, उलट क्षेपणास्त्र सोडलं नाही. तरीही ती चाचणी मी कमी लेखणार नाही. यानाच्या नाकातल्या, असेलसान या तुर्की कंपनीच्या 'मुराद' रडारने लक्ष्य शोधलं, त्यावर नेम धरला, क्षेपणास्त्राला दिशा दिली आणि ते लागलं, असं कंपनी सांगते. ही साखळी जुळवणं अवघड असतं. आणि ती जुळली की यानाला कसरती करायची गरजच उरत नाही.

कल्पना अशी करा: मागे माणसांची एफ-१६, रडार बंद ठेवून, गुपचूप. पुढे शंभर किलोमीटरवर दोन-तीन किझिलएल्मा, रडार चालू ठेवून. रडार चालू ठेवणं म्हणजे अंधारात टॉर्च लावणं: आपल्याला दिसतं, पण आपण सगळ्यांना दिसतो. टॉर्च धरायला ज्याचा जीव जाणार नाही तो पुढे, बाण मारणारा मागे. शत्रूने ड्रोनवर क्षेपणास्त्र वाया घालवलं तर तोही फायदाच. यासाठी ९ 'जी' लागत नाहीत, ०.९ पट वेगही सारखा लागत नाही.

ही भूमिका काही नवी नाही. २३ डिसेंबर २००२ रोजी इराकवर अमेरिकेच्या पिस्टन इंजिनाच्या प्रेडेटर ड्रोनवर इराकचं मिग-२५ लढाऊ विमान चालून आलं, तेव्हा प्रेडेटरनेही आपलं छोटं स्टिंगर क्षेपणास्त्र सोडलं. ते चुकलं आणि प्रेडेटर पडलं. वैमानिक मात्र खुर्चीतून उठून घरी गेला.

इथे पैशाचा प्रश्न येतो, आणि मला तोच सगळ्यात निर्णायक वाटतो. हरवायला परवडेल असं यान म्हणताना ते खरंच परवडलं पाहिजे. अमेरिकेच्या 'व्हाल्कीरी' या जेट ड्रोनची कल्पना काही मोजक्या दशलक्ष डॉलरांच्या यानाची होती. ते रॉकेटच्या जोराने उडतं आणि पॅराशूटने उतरतं, धावपट्टीचं झंझटच नाही. पण त्यात मोठं रडार घाला, चाकं घाला, आफ्टरबर्नर घाला, की ते फुगत जातं, आणि एका टप्प्यावर सेनापती ते धोक्यात घालायला कचरू लागतात. ६ टनांवरून साडेआठ टनांवर गेलेलं किझिलएल्मा त्याच वाटेवर आहे.

आणखी एक दुबळा सांधा आहे, तो आकाशात नाही. किझिलएल्मासाठीची दोन्ही प्रकारची इंजिनं, आधीचं आणि पुढचं, युक्रेनच्या इव्हचेन्को-प्रोग्रेसची, आणि ती संस्था झापोरिझ्झिया शहरात, युद्धाच्या आघाडीपासून फार दूर नाही. तुर्कस्तान स्वतःचं टर्बोफॅन बनवण्याच्या मागे आहे तो यामुळेच. इंजिन दुसऱ्याचं असेल तर यान किती उडवायचं आणि कुणाला विकायचं, हेही थोडं दुसऱ्याच्या हातात राहतं.

आपली अडचण नेमकी हीच. डीआरडीओच्या 'स्विफ्ट' या शेपूट नसलेल्या छोट्या चाचणीयानाने १ जुलै २०२२ रोजी चित्रदुर्गला पहिलं उड्डाण केलं, तेही रशियन इंजिनावर. त्याच्या थोरल्या रूपासाठी, 'घातक' साठी, आफ्टरबर्नर काढलेलं 'कावेरी' हे भारतीय इंजिन घ्यायचं ठरलंय. कावेरी मुळात तेजससाठी १९८९ मध्ये मंजूर झालं होतं. हवा तेवढा रेटा देईना म्हणून २००८ मध्ये त्याला तेजसपासून वेगळं काढलं, आणि पुढची कित्येक वर्षं ते अपयशाचं उदाहरण म्हणून सांगितलं गेलं. आफ्टरबर्नरशिवाय ते सुमारे ५ टनांचा रेटा देतं. तेजसला तो पुरत नव्हता. वळणं न घेता, ०.६-०.७ च्या चालीने, पोटात दोन बॉम्ब घेऊन जाऊन परत यायचं असेल तर तेवढा पुरतो.